घराची खुंटी

आमच्या वूहानच्या बायकांचा आवाज मोठा. आम्ही भाजीचा भाव विचारला तरी बाहेरच्या माणसाला वाटतं, आता हाणामारी होणार. मी तर त्यात मास्तरीण. लॅबमधली पोरं मला तोंडावर फांगबाई म्हणतात आणि पाठीमागे भोंगा. मला सगळं कळतं. म्हणेनात का!

शियांग लानशी माझ्या अगदी उलट. माझ्या हाताखाली पीएच.डी. करते, पण बोलायची वेळ आली की जणू शब्दामागे कर भरावा लागतो. नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव, शियांगजियावान. सारं गाव शियांगांचं, सगळी एकमेकांची भाऊबंद. तिकडची माणसं अशीच मुखदुर्बळ असणार, असं मी धरून चालले होते. मग एके दिवशी तिच्या बापाचा फोन आला आणि माझा समज साफ धुऊन निघाला.

वसंताचे दिवस होते. सकाळी विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या गाडीवरून तिळाच्या वाटणातल्या शेवया घेतल्या होत्या आणि आम्ही दोघी चालता चालता खात होतो. बसून न्याहारी करायला इथे वेळ कुणाला आहे! तेवढ्यात लानशीचा फोन वाजला. पडद्यावर आधी संत्र्याची फांदी दिसली, मग फांदीआडून एक लालबुंद, घामेजलेला चेहरा.

"बा, मी बाईंबरोबर आहे," लानशी पुटपुटली.

"मग तर बरंच झालं. दे त्यांना!" चेहरा मोठा झाला. "बाई, मी शियांग देमाओ, हिचा बाप. तुम्ही शिकलीसवरलेली माणसं. मला एक सांगा, डोंगर वामकुक्षी घेतो का हो?"

"काय?" माझ्या तोंडात शेवया.

"दुपारी जेवणं झाली की आमचा डोंगर म्हणे चार बोटं खाली सरकतो. भोंगा वाजतो. आम्ही म्हातारीकोतारी, पोरंबाळं, गोधड्या घेऊन वरच्या शाळेत पळतो. आणि चहाच्या वेळेला डोंगर उठून परत आपल्या जागेवर! दोनदा झालं हे. दोन्ही वेळा माझी डुकरं उपाशी राहिली. हा डोंगर आहे की जावई?"

मला हसू आवरेना. लानशी मात्र हसली नाही. मान खाली घालून शेवया ढवळत राहिली, आणि त्यात तिचंच बरोबर होतं.

कारण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धरण झाल्यापासून यांगत्सेचं पाणी हिवाळ्यात चढतं आणि वसंतात उतरतं. पाणी उतरलं की काठच्या उतारांचा पाया भिजलेला आणि पाण्याचा आधार गेलेला. कुठला उतार कधी घसरेल याचा नेम नाही. म्हणून शियांगजियावानच्या उतारावर मोजणीचे तीन खांब बसवलेत. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर ताटाएवढी अँटेना. ती उपग्रहांचे संदेश ऐकते आणि त्यावरून आपण कुठे उभे आहोत ते बोटाच्या पेराइतकं नेमकं ठरतं. पण ऐकीव माहितीचं जे होतं तेच इथेही होतं. सांगणाराच चुकीच्या जागी उभा असेल, तर ऐकणाऱ्याची जागाही चुकते. खांब जागचा हलत नाही, आणि कॉम्प्युटर ओरडत सुटतो, हलला, हलला!

तो सांगणारा, म्हणजे उपग्रह, क्षणाक्षणाला नेमका कुठे होता ते काढणं हे आमच्या केंद्राचं काम. हजारो किलोमीटर उंचीवरून पळणारी वस्तू, आणि आम्ही तिला विताच्या आत पकडतो. माझी सासू मरेपर्यंत विचारायची, "आणि पकडून करता काय?"

त्याच आठवड्यात एका दुपारी शेठनी आम्हाला बोलावलं. शेठ म्हणजे आमचे मुख्य प्राध्यापक न्ये. सगळ्याच लॅबमध्ये मुख्याला शेठ म्हणतात, तसं आम्हीही म्हणतो. माणूस भित्रा, पण वाईट नाही. त्यांनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला होता. पलीकडे तालुक्याचे थानसाहेब होते. दरडींचं खातं त्यांच्याकडे.

"काल तिसऱ्यांदा भोंगा वाजला," थानसाहेब म्हणाले, "आणि गावातलं एक माणूस हललं नाही. तो देमाओ झाडाखाली खुर्ची टाकून बसलाय. म्हणतो, तुमचा उपग्रह हलतो, माझा डोंगर नाही. आणि तिथे त्याला विचारल्याशिवाय कोंबडंसुद्धा रस्ता ओलांडत नाही! प्राध्यापकसाहेब, मला लांबण लावू नका. एकच सांगा, डोंगर हलतोय की उपग्रह? उपग्रह असेल तर भोंगा बंद करतो. डोंगर असेल तर काहीही करून माणसं वर नेतो. पण त्या उतारावर चाळीसेक घरं आहेत हो. चुकून चालायचं नाही."

शेठनी लानशीकडे पाहिलं. "तुझंच गाव. करशील?"

"करते."

"शेठ," मी मध्ये पडले, "डॉक्टरसुद्धा घरच्या माणसावर सुरी चालवत नाही. दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं कोण आहे? त्या उपग्रहांची वळणं हिच्याइतकी कुणाला पाठ आहेत?"

ते मात्र खरंच होतं.

वळणांचं थोडक्यात सांगते. उपग्रहाचं जिणं सासुरवाशिणीचं. तोंड कायम पृथ्वीकडे पाहिजे, कारण संदेश तिकडे द्यायचा. आणि दोन्ही पंख सूर्याकडे पाहिजेत, कारण पोट त्यावर. सासूकडे पाठ करायची नाही आणि चुलीवरचं दूधही उतू जाऊ द्यायचं नाही! एरवी हळूहळू अंग वळवत ती दोन्ही सांभाळते. पण वर्षातून दोनदा सूर्य नेमका तिच्या वाटेच्या पातळीत येतो. मग तिला दोन ठिकाणी गर्रकन फिरावं लागतं. आमचं गणित धरून चाललं होतं की सगळे उपग्रह असे फिरतात. लानशीचं म्हणणं वेगळं होतं. काही जुने उपग्रह त्या दिवसांत फिरतच नाहीत, ताठ राहतात. मग पंखांवर ऊन भलत्याच कोनातून पडतं. उन्हाचा दाब तो किती, मुंगीच्या फुंकरीएवढा. पण दिवसभर तो लागत राहिला की उपग्रह गणितातल्या वाटेवरून हातभर बाजूला जातो. आणि खाली शियांगजियावानात देमाओची डुकरं उपाशी राहतात.

लानशी कामाला लागली. जेवायला उठवावं लागायचं. मी तिच्यासाठी कमळकाकडीचं सूप डब्यातून न्यायची आणि संपेपर्यंत समोर बसायची. नाहीतर डबा तसाच परत यायचा.

"बाई," एकदा सूप पिता पिता ती म्हणाली, "पश्चिमेच्या डोंगरात खुंट्या फार विरळ आहेत. दोन-तीन वाढवू का?"

खुंटी हा आमच्या लॅबचा शब्द. उपग्रहाची वाट काढायची तर जमिनीवर भरवशाच्या जागा लागतात. देशभर पसरलेली ठाणी आहेत. त्यांची जागा पक्की धरायची, तिथून उपग्रहापर्यंतची अंतरं घ्यायची, की उपग्रहाची जागा मिळते. खुंटी घट्ट तर दोरा ताठ. खुंट्या जितक्या जास्त तितकं बरं, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मी म्हटलं, वाढव.

आणि काय सांगू, निकाल आला तो असा की लॅबमध्ये आरडाओरडा झाला. ताठ राहणारे उपग्रह तिने बरोबर हेरले होते. त्यांची वाट सुधारली, ती सुधारलेली वाट घेऊन गावच्या तीन खांबांची जागा पुन्हा काढली, आणि दुपारच्या उड्या गायब. तीन खांबांच्या तीन रेषा, तिन्ही सरळ, अगदी आखल्यासारख्या. डोंगर जागच्या जागी होता. शेठनी खूश होऊन सगळ्यांना झणझणीत बदकाच्या माना मागवल्या. हात तिखटाने माखलेले असतानाच लानशीने बापाला फोन लावला.

"बा, उपग्रहच होते. डोंगर हलत नाहीये."

 पलीकडे देमाओ हसला. असा हसला की फोन टेबलावर थरथरला. "थांब, ठेवू नकोस, ऐक!" पावलं वाजली, दार वाजलं, खरखर झाली, आणि गावच्या खांबावरचा स्पीकर बोलायला लागला. तुम्हाला सांगते, आमच्या लॅबमध्ये बसून सगळ्यांनी तो ऐकला.

"ऐका हो ऐका! शियांग देमाओ बोलतोय! माझ्या पोरीने वूहानात बसून उपग्रहाचा कान धरलाय! डोंगर जागेवर आहे! ज्यांची संत्री पिकलीत त्यांनी बेलाशक तोडायला लागा! भोंग्याला आता विचारू नका, काही विचारायचं तर माझ्या पोरीला विचारा!"

लॅबमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. लानशीने तिखटाच्या हातांनीच तोंड झाकलं आणि मग डोळे चुरचुरले म्हणून रडली. निदान ती तसं म्हणाली. संध्याकाळच्या आत शेठच्या सहीने रिपोर्ट गेला. थानसाहेबांनी भोंगा बंद केला.

मला वाईट खोड आहे. सगळे उत्तर बघतात, मी बाकी बघते. गणित सगळं झाल्यावर, मोजलेलं अंतर आणि गणिताने काढलेलं अंतर यांत जो थोडासा फरक उरतो ना, ती बाकी. ती कधी शून्य होत नाही. झाडाची फांदी मध्ये येते, हवेत ओल असते, कुठे पाखरू अँटेनेवर बसतं. प्रत्येक ठाण्याचा केर थोडाफार उरतोच, आणि तो उरावाच. मी पोरांना सांगते, घर कसं आहे ते बैठकीत नाही, मोरीत कळतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाक्या बघत बसले होते. सगळ्या ठाण्यांचा केर आपापल्या जागी. फक्त पश्चिमेची तीन ठाणी लख्ख. उगाच लख्ख. लग्नघरात पाहुणे यायच्या आधी मोरी असते तशी. मी ठाण्यांची नावं पाहिली आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"लानशी!"

कोपऱ्यातलं पोरगं पुटपुटलं, "वाजला भोंगा."

"तू गप रे! लानशी, इकडे ये. हे तीन खांब खुंट्यांमध्ये काय करतायत?"

"पश्चिमेला कमी होत्या ना बाई. तुम्हीच म्हणालात, वाढव..."

"खुंट्या वाढव म्हटलं होतं. ज्याचा न्याय करायचा त्यालाच पंच म्हणून बसव, असं म्हटलं नव्हतं! हे तुझ्या गावचे तीन खांब आहेत!"

"पण त्या अख्ख्या डोंगरात दुसरी ठाणीच नाहीत. आणि ते खांब पक्के आहेत, बाई. एक तर आमच्या घरामागच्या खडकावरच आहे. तो खडक कुठे जाणार? मी लहान असल्यापासून तो तिथेच..."

बोलता बोलता ती थांबली. स्वतःचंच बोलणं तिच्या कानावर पडलं. तिचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला खुर्ची ओढून दिली.

आमच्या धंद्यात ही चूक होते, आणि ती आमच्याच धंद्यात होऊ शकते. खुंटी म्हणजे गणिताला दिलेली ताकीद, की ही जागा हलवायची नाही. समजा, डोंगर खरोखर सरकला. खांब सरकला, अंतर बदललं. पण खांब हलवायची गणिताला परवानगीच नाही. मग ते बिचारं काय करणार? त्या बदलाचं खापर ते उपग्रहाच्या डोक्यावर फोडतं. उपग्रह आधीच बदनाम. त्याच्या नावावर आणखी थोडं गेलं तर कुणाला संशय येतो! आणि मग त्याच उपग्रहावरून त्याच खांबाची जागा काढली, की खांब आपला जागच्या जागी. साळसूद, आणि त्याची बाकीही लख्ख.

"सोड त्यांना," मी म्हटलं. "तिन्ही खुंट्या मोकळ्या कर आणि पुन्हा चालव."

तिने मोकळ्या केल्या. गणित पुन्हा सुरू झालं. जेवायची वेळ टळून गेली तरी आम्ही दोघी पडद्यासमोरून उठलो नाही. शेठही येऊन मागे उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये एवढी शांतता कधी नसते, तेवढ्यावरून ते आले.

रेषा आल्या. दुपारच्या उड्या नव्हत्या. म्हणजे उपग्रहांचं तिचं म्हणणं खरंच होतं, ते पक्कं होतं. पण रेषा आता सरळ नव्हत्या. तिन्ही खाली चालल्या होत्या, तिन्ही नदीच्या दिशेने, आणि शेवटच्या दिवसांत आधीपेक्षा जास्त उतरत्या. वामकुक्षी वगैरे काही नव्हती. डोंगर निघाला होता.

"काल लिहून दिलं, हलत नाही," शेठ म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आज म्हणायचं, हलतोय. तोंड कुठे लपवायचं, फांगबाई?"

"तोंड नंतर लपवा. आधी फोन लावा."

लावला त्यांनी. भित्रा माणूस म्हटलं मी त्यांना, पण त्या दिवशी त्यांनी एक शब्द आडपडद्याने सांगितला नाही. आमची चूक झाली, डोंगर हलतोय, माणसं वर न्या, असं सरळ सांगितलं.

 थानसाहेब म्हणाले, "मी भोंगा लावतो. गाड्या पाठवतो. पण प्राध्यापकसाहेब, इथे लांडगा आला रे आला झालंय. भोंगा वाजला तर लोक हसतील. सारं गाव उतारावर आहे, संत्री तोडतंय. एकेकाला दंडाला धरून किती जणांना आणू? देमाओ उठला तर गाव उठेल. आणि तो कशाला उठतोय? त्याला त्याच्या पोरीनेच सांगितलंय."

"मी बोलते," लानशी म्हणाली.

फोन तिने टेबलावरच ठेवला, आवाज मोठा करून. मी म्हटलं, बाहेर जाऊन बोल हवं तर. तिने मान हलवली. सगळ्यांसमोर चुकले, सगळ्यांसमोरच बोलते, असं काहीसं तिच्या मनात असावं.

"बा, कुठे आहात?"

"कुठे असणार? बागेत. एका फांदीवर संत्री, दुसरीवर फुलं. यंदा झाडांना वेड लागलंय. तुझ्यासाठी पोतं भरून ठेवलंय."

"बा, मी चुकले."

"काय?"

"डोंगर हलतोय. तुम्ही सगळे वर शाळेत जा. आत्ता."

पलीकडून मधमाश्यांचा आवाज येत होता.

"काल छातीठोकपणे सांगितलंस," देमाओ म्हणाला.

"हो."

"मी स्पीकरवर सांगितलं."

"हो, बा."

"साऱ्या भावकीसमोर."

लानशीने फोन जवळ ओढला.

"मग आज सांगतेस तेच खरं कशावरून? उद्या फोन करशील, बा, काल चुकले, परवा बरोबर होते. मी काय करू? दर वेळी डुकरं घेऊन वरखाली करू?"

आता ही पोरगी गप्प बसणार, असं मला वाटलं. मीच तोंड उघडणार होते. पण लानशी बोलायला लागली, आणि इतक्या वर्षांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बा, ऐका. गणित करताना काहीतरी पक्कं धरावं लागतं. मी आपलं घर पक्कं धरलं. आपल्या घरामागचा खडक हलूच शकत नाही, असं धरूनच चालले. मी तपासलं नाही, बा. तपासावंसं वाटलंच नाही. मग खाली जे काही हललं ते सगळं मी आभाळाच्या माथी मारलं. आज घर सोडून दिलं आणि पाहिलं. ते निघालंय, बा. नदीकडे निघालंय." आणि मग ती ओरडली. आमची लानशी ओरडली! "चूक माझी आहे! माझ्या चुकीवर तुम्ही खुर्ची टाकून बसू नका ना, बा!"

पलीकडे कुणीतरी हाक मारून काही विचारलं. 

"घराच्या मागे भेग पडलीय," तो हळूच म्हणाला. "खडकाच्या अलीकडे. भोंगा बंद झाला त्याच्याही आधीपासून. मी दोनदा माती लोटली तीत. म्हटलं, घुशीचं बीळ असेल."

लानशीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मीही घर पक्कंच धरलं म्हणायचं," देमाओ म्हणाला. "फोन ठेवू नकोस."

पुन्हा पावलं वाजली. या वेळी सावकाश. दार वाजलं. खरखर झाली, आणि मग तो खोकला. खोकलाही साऱ्या गावाने ऐकला असणार.

"ऐका हो ऐका. शियांग देमाओ बोलतोय." थोडा थांबला. "माझी पोरगी चुकली."

लांबून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, "देमाओदादा, काल तर कान धरला होता!"

"धरला होता! आता माझा धरा! पण वर शाळेत जाऊन धरा. माझी पोरगी चुकली, मी चुकलो. डोंगर निघालाय. माझ्या घरामागे भेग आहे, मी ती बुजवली आणि तुम्हाला सांगितलं नाही. हसायचंय त्यांनी हसा, पण वर जाऊन हसा. संत्री राहू द्या. म्हाताऱ्यांना आधी. ए चांगफूच्या आई, तू ती टोपली ठेव खाली, तुलाच सांगतोय! माझी पोरगी चुकली, ऐकलं का? ती इथे फोनवर रडतेय!"

हसणं थांबलं. मला वाटतं, ते ऐकूनच थांबलं. जो बाप लेकीचं कौतुक दवंडी पिटून सांगतो, तो उगाच तिची चूकही दवंडी पिटून सांगेल का? पायऱ्यांवरून पावलं वाजायला लागली. डुक्कर केकाटलं. कुणीतरी कुणाला गोधडी घ्यायला सांगत होतं.

तो थांबला नाही. मध्ये मध्ये विचारायचा, अमक्याचं घर निघालं का, आणि नाही म्हटलं की पुन्हा सुरू करायचा, "माझी पोरगी चुकली!" त्या दुपारी किती वेळा म्हणाला कोण जाणे. लानशी टेबलाशी मान खाली घालून बसली होती, आणि दर वेळी तिचे खांदे आक्रसायचे. पण तिने फोन बंद केला नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते सांगायला लाज कसली? बाप पोरीची अब्रू स्वतःच्या तोंडाने वेशीवर टांगत होता, आणि तो एकदा बोलला की एक घर रिकामं होत होतं. शेठ खिडकीशी जाऊन उभे राहिले.  थानसाहेबांच्या गाड्या पोहोचल्या तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेवया आणल्या होत्या आणि त्या तशाच थंड होत होत्या. पडद्यावर तिन्ही खांबांच्या रेषा चालल्या होत्या. आधी जिना उतरावा तशा उतरत होत्या. मग एकदम कोसळल्या. आधी एक थांबली, मग दुसरी. घरामागच्या खडकावरचा खांब सगळ्यांत शेवटी थांबला. मग तिथून काहीच आलं नाही.

लानशीने पडद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. काय बोलावं ते सुचेना. मला, भोंग्याला, शब्द सुचेना!

थानसाहेबांचा फोन शेठना आला. शाळेच्या मैदानात माणसं मोजत होते. शेठ फोन कानाला लावून नुसते हूं, हूं करत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे वळून सांगितलं, "सगळे आहेत. एकूण एक." आणि खुर्चीत बसले.

लानशीचा फोन वाजला तेव्हा तिने तो उचलायलाही वेळ लावला. देमाओचा आवाज बसलेला होता, कुजबुजल्यासारखा येत होता.

"पोरी."

"बा."

"गेला. नदीपर्यंत गेला. घर, बाग, सगळं. फुलांसकट." मागे डुकरं ओरडत होती, ती त्याने वर नेली होती. "तुझं पोतंही खालीच राहिलं बघ."

"राहू द्या, बा."

"चांगफूची आई इथे माझ्या शेजारी बसलीय. सगळी बसलीत." त्याने घसा साफ केला. "तू बरोबर होतीस, पोरी. काल तू बरोबर होतीस."

लानशी रडत होती, आणि रडता रडता हसली. "मग तेही स्पीकरवर सांगा ना, बा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"कशावरून सांगू?" देमाओ म्हणाला. "स्पीकरचा खांब घेऊन गेला ना तो."